नियामक प्रतिरक्षा कोशिका व व्हायरसजन्य संक्रामण

शरीरात शिरलेल्या सूक्ष्मजीवांविरुद्ध निर्माण होणारा प्रतिरक्षात्मक (रोगप्रतिकारक) प्रतिसाद मर्यादेत ठेवणाऱ्या व कार्यभाग संपल्यावर तो शमविणाऱ्या लसीका कोशिकांना (रक्तात व लसीकेत आढळणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना) नियामक प्रतिरक्षा कोशिका असे म्हणतात. त्यांपैकी सर्वांत महत्त्वाचा व सर्वाधिक अभ्यासला गेलेला प्रकार नियामक टी कोशिका हा होय. एखाद्या व्हायरसाचे संक्रामण झाल्यावर रोगी काही दिवसांत पूर्ण बरा होतो, रोग बळावून दगावतो किंवा व्हायरस त्याच्या शरीरात वर्षानुवर्षे टिकून राहतो. यांतील कोणती गोष्ट घडेल, हे व्हायरसाच्या उग्रतेप्रमाणेच प्रतिकार किती जोराचा झाला, तो कोठे झाला व केव्हा थांबला यांवरही अवलंबून असते. हे नियंत्रण बऱ्याच अंशी नियामक कोशिकांकडे असते.

प्रतिकारापासून होणारी हानी : व्हायरस कोशिकेच्या आत वाढत असल्यामुळे त्याचा नाश करण्यासाठी शरीराला स्वतःच्याच संक्रामित कोशिका माराव्या लागतात. हे काम प्रामुख्याने मारक टी कोशिका करतात. त्यामुळे व्हायरसजन्य रोगांत दिसणारी ऊतकांची (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहांची) हानी पुष्कळदा व्हायरसाने केलेली नसून प्रतिरक्षा तंत्राने केलेली असते. यकृतशोथ-बी या रोगाचा व्हायरस यकृताच्या कोशिकांना स्वतः फारशी इजा करीत नाही. काविळीला कारणीभूत होणारा कोशिकानाश मुख्यत्वे टी कोशिकांमुळे होतो.

उंदरांना होणाऱ्या लसीकाकोशिकीय मस्तिष्कावरणशोथाच्या (मेंदूच्या आवरणांना सूज आणणाऱ्या एका रोगाच्या) व्हायरसावरील प्रयोगांत ही गोष्ट प्रथम स्पष्टपणे दिसून आली. हा व्हायरस प्रौढ उंदराच्या मेंदूत टोचल्यास उंदीर सुमारे आठवड्याभरात मरतो. तथापि क्ष-किरणांच्या साहाय्याने आधीच प्रतिकारशक्ती दुबळी केलेले उंदीर वाचतात, असे वॉलेस रो यांना १९५०–६० या दशकात आढळून आले. व्हायरस दोन्ही गटांतील उंदरांत असतोच. मृत्यू येतो तो प्रतिकारामुळे. याच व्हायरसाचा उपयोग करून रोल्फ झिंकरनागेल व पीटर डोहर्टी यांनी ऑस्ट्रेलियातील कॅनबरा येथे टी कोशिका संक्रामित कोशिका कशा ओळखतात, हे शोधून काढले. या कार्याबद्दल त्यांना १९९६ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रतिकार दुबळा असला तर व्हायरसाचा विजय होतो आणि तो अनावर झाला तर रक्षकच घातक ठरतो. या दोहोंमधील तोल राखण्याची व्यवस्था शरीरात असली पाहिजे, हे या निरीक्षणांतून उघड झाले.

इतिहास : झाक मिलर यांनी १९६१ मध्ये यौवनलोपी ग्रंथीचे (छातीच्या हाडामागे असलेल्या व वयात आल्यावर आक्रसत जाणाऱ्या थायमस ग्रंथीचे) प्रतिरक्षेतील महत्त्व दाखवून दिले. या ग्रंथीत परिपक्व होणाऱ्या लसीका कोशिकांना तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरावरून टी कोशिका हे नाव पडले. यासुआकी निशिझुका व तेरुयो साकाकुरा यांनी १९६९ मध्ये एक अनपेक्षित निष्कर्ष प्रसिद्ध केला. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी ही ग्रंथी काढून टाकलेल्या उंदरांच्या माद्यांची अंडाशये नष्ट होत. सातव्या दिवशी काढल्यास मात्र तसे होत नसे. हा नाश प्रतिरक्षा तंत्राने स्वतःच्याच ऊतकांवर केलेल्या हल्ल्याचा परिणाम होता, हे पुढे समजले. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत त्या ग्रंथीतून हल्ला रोखणाऱ्या कोशिका बाहेर पडत असाव्यात, असा त्याचा अर्थ होता.

अमेरिकेत येल विद्यापीठातील रिचर्ड गेर्शन यांनी १९७० च्या सुमारास काही टी कोशिका प्रतिसाद वाढविण्याऐवजी दडपतात, असे प्रतिपादन केले. या ‘दमनकारी टी कोशिकां’वर पुढील दहा-बारा वर्षांत विपुल संशोधन झाले. परंतु त्या वेगळ्या ओळखण्याचे खात्रीचे साधन नव्हते. त्यांचे लक्षण म्हणून मानण्यात आलेला जीन (आनुवंशिक घटक) १९८०–९० या दशकाच्या प्रारंभी अपेक्षित जागी सापडला नाही. तेव्हा ही सर्व कल्पनाच संशयास्पद ठरली व बहुतेक प्रयोगशाळांनी हा विषय सोडून दिला.

जपानी शास्त्रज्ञ शिमोन साकागुची यांनी मात्र तो सोडला नाही. ज्यांच्या पृष्ठभागावर सीडी ४ व सीडी २५ ही दोन्ही प्रथिने आहेत अशा टी कोशिका वगळून उरलेल्या कोशिका टी कोशिकारहित उंदरांना दिल्यास त्यांच्यात अनेक आत्मप्रतिरक्षाजन्य (स्वतःच्या ऊतकांविरुद्धच्या प्रतिसादामुळे होणारे) रोग उद्भवतात. वगळलेल्या कोशिका परत दिल्यास ते टळतात, असे त्यांनी १९९५ मध्ये दाखविले. मेरी ब्रंकॉ व फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये ‘स्कर्फी’ नावाच्या उंदरांच्या वाणातील दोषाचा शोध घेतला. या वाणातील नर काही आठवड्यांतच मरतात. त्यांच्यात क्ष गुणसूत्रावरील फॉक्सपी ३ हा जीन सदोष असतो, असे त्यांना आढळले. मानवात याच जीनातील दोषामुळे आयपेक्स हा दुर्मिळ रोग होतो. त्यात तान्ह्या मुलांना मधुमेह, तीव्र अतिसार व इसब हे विकार एकाच वेळी जडतात. फॉक्सपी ३ हाच नियामक टी कोशिकांच्या विकासाचा सूत्रधार आहे, हे २००३ मध्ये साकागुची यांनी आणि स्वतंत्रपणे अन्य संशोधकांनीही सिद्ध केले. ब्रंकॉ, रॅम्सडेल व साकागुची यांना २०२५ सालचे शरीरक्रियाविज्ञान वा वैद्यक या विषयाचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

उत्पत्ती व प्रकार : नियामक टी कोशिका दोन मार्गांनी तयार होतात. काही यौवनलोपी ग्रंथीतच त्या कार्यासाठी ठरून बाहेर पडतात. इतर, साध्या साहाय्यक टी कोशिकांपासून आतड्यासारख्या ठिकाणी परिस्थितीनुरूप बनतात. रक्तातील सीडी ४ टी कोशिकांपैकी सु. ५ ते १० टक्के कोशिका या प्रकारच्या असतात. संख्येने अल्प असल्या, तरी त्यांच्यावाचून जीवन अशक्य होते : प्रौढ उंदरांतूनही त्या पूर्णपणे काढून टाकल्यास उंदीर काही आठवड्यांत मरतात. यांखेरीज फॉक्सपी ३ नसलेल्या, पण इंटरल्यूकीन-१० हे शामक प्रथिन स्रवणाऱ्या टी कोशिका आणि नियामक बी कोशिका यांचाही प्रतिसादाच्या नियमनात वाटा असतो.

कार्यपद्धती : नियामक टी कोशिका अनेक मार्गांनी प्रतिसाद शमवितात. (१) त्या इंटरल्यूकीन-१० आणि रूपांतरकारी वृद्धिघटक-बीटा यांसारखी प्रथिने स्रवतात. त्यांमुळे इतर कोशिकांची क्रियाशीलता मंदावते. (२) लढाऊ टी कोशिकांच्या वाढीस लागणारे इंटरल्यूकीन-२ हे प्रथिन त्या स्वतःकडे ओढून घेतात. (३) त्यांच्या पृष्ठभागावरील सीटीएलए-४ या प्रथिनामुळे, व्हायरसाचे अंश दाखवून टी कोशिकांना चेतविणाऱ्या शाखायुक्त कोशिकांवरील आवश्यक संकेत काढून घेतले जातात. (४) कोशिकेबाहेरील ऊर्जासमृद्ध संयुगांचे रूपांतर त्या ॲडिनोसीन या शामक पदार्थात करतात. (५) काही प्रसंगी त्या लढाऊ कोशिकांचा थेट नाशही करतात.

शमन हे त्यांचे एकमेव कार्य नाही. उंदरांच्या फुप्फुसांत इन्फ्ल्यूएंझाच्या संक्रामणाच्या वेळी या कोशिका अँफिरेग्युलीन नावाचे प्रथिन स्रवून ऊतकाच्या दुरुस्तीस हातभार लावतात, असे २०१५ मध्ये आढळून आले. केवळ नियामक कोशिकांतील हे प्रथिन नाहीसे केल्यास व्हायरसाचे प्रमाण बदलत नाही. पण फुप्फुसांची हानी वाढते व रक्तातील ऑक्सिजन कमी होतो.

तीव्र संक्रामणे : ज्या संक्रामणांचा निकाल थोड्या दिवसांत लागतो, त्यांत नियामक कोशिका सामान्यतः रोग्याच्या हिताच्या ठरतात. नागिणीशी संबंधित असलेल्या साध्या हर्पिस व्हायरसामुळे डोळ्याच्या पारदर्शक पटलाला (स्वच्छमंडलाला) होणारा शोथ (दाहयुक्त सूज) हे याचे उदाहरण होय. यात दृष्टी जाते ती बव्हंशी टी कोशिकांनी घडवून आणलेल्या दाहामुळे. नियामक कोशिका कमी केलेल्या उंदरांत हा शोथ अधिक तीव्र होतो. श्वसनमार्गातील संकोशिकी व्हायरसाच्या (लहान मुलांच्या श्वासनलिकांना बाधणाऱ्या आरएसव्ही या व्हायरसाच्या) संक्रामणातही या कोशिकांविना उंदरांचे वजन अधिक घटते व ते सावकाश बरे होतात.

नियामक कोशिका काढून टाकल्यास रोग तीव्र होईल, पण व्हायरस तरी लवकर नष्ट होईल, अशी अपेक्षा साहजिक होती. ती नेहमीच खरी ठरत नाही. योनिमार्गातून हर्पिस व्हायरसाचे संक्रामण केलेल्या उंदरांवरील २००८ मधील प्रयोगात या कोशिका नष्ट केल्यावर व्हायरसाचे प्रमाण उलट वाढले व उंदीर लवकर मेले. याचे कारण असे की, नियंत्रण सुटताच लसीका ग्रंथींमध्येच कोशिकांना आकर्षून घेणाऱ्या प्रथिनांची पातळी वाढली, लढाऊ कोशिका तेथेच अडकून पडल्या आणि संक्रामणाच्या जागी त्या उशिरा पोहोचल्या. म्हणजे नियामक कोशिका प्रतिसादाला केवळ लगाम घालीत नाहीत, तर त्याला योग्य जागी वळवितातही.

मानवातील पुरावा बहुतांशी रक्ताच्या तपासणीवर आधारलेला आहे. पश्चिम नाईल व्हायरसाचे संक्रामण झालेल्या रक्तदात्यांपैकी ज्यांना कोणतीच लक्षणे उद्भवली नाहीत, त्यांच्या रक्तात लक्षणे असलेल्यांपेक्षा या कोशिकांचे प्रमाण अधिक होते, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. भारतात पावसाळ्यात व त्यानंतर पसरणाऱ्या डेंग्यू ज्वरात रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरून प्राणसंकट ओढवते आणि तेही पुष्कळदा ताप उतरत असताना. त्या वेळी रक्तातील व्हायरस कमी होत असतो. या रोगाच्या सौम्य रुग्णांत लढाऊ कोशिकांच्या तुलनेत नियामक कोशिकांचे प्रमाण वाढलेले आढळले. गंभीर रुग्णांत ती वाढ तितकी नव्हती. कोव्हिड-१९ या रोगात मात्र निरीक्षणे परस्परविरोधी आहेत : काही अभ्यासांत गंभीर रुग्णांच्या रक्तात या कोशिका कमी, तर काहींत अधिक व अतिक्रियाशील आढळल्या. रक्तातील संख्येवरून फुप्फुसातील परिस्थितीचा अंदाज बांधणे अवघड असते, हे अशा विसंगतीचे एक कारण होय.

चिरकारी संक्रामणे : दीर्घकाळ टिकणाऱ्या (चिरकारी) संक्रामणात हाच तोल व्हायरसाच्या पथ्यावर पडतो. उंदरांतील फ्रेंड रेट्रोव्हायरस टिकून राहण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे त्या संक्रामणात वाढणाऱ्या नियामक कोशिका मारक टी कोशिकांना निष्प्रभ करतात. २००१ मधील प्रयोगांत अशा उंदरांना, निरोगी उंदीर सहज नष्ट करू शकतात असे अर्बुद (गाठ) नष्ट करता आले नाही. पुढे २०११ मध्ये, नियामक कोशिका काही काळापुरत्या काढून टाकल्यावर थकलेल्या मारक कोशिका पुन्हा कार्यक्षम होतात व व्हायरसाचे प्रमाण घटते, असे दाखविण्यात आले.

यकृतशोथ-बी व यकृतशोथ-सी यांच्या चिरकारी रुग्णांच्या रक्तात व यकृतात या कोशिका वाढलेल्या असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. त्यांचा परिणाम दुहेरी असतो. उंदरांच्या यकृतात यकृतशोथ-बी व्हायरसाचा प्रवेश घडवून केलेल्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नियामक कोशिका काढून टाकताच व्हायरस लवकर नाहीसा झाला. पण यकृताची हानीही वाढली. यकृतशोथ-बी व्हायरसाचे संक्रामण जन्मतः झाल्यास सु. ९० टक्के अर्भकांत ते चिरकारी होते. निरोगी प्रौढांत हे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी असते. अर्भकाची प्रतिरक्षा सहनशीलतेकडे झुकलेली असते, हे यामागील एक कारण मानले जाते. म्हणूनच या रोगाची लस जन्मानंतर २४ तासांच्या आत टोचणे महत्त्वाचे असते.

एचआयव्ही संक्रामणात गुंतागुंत आणखी वाढते, कारण हा व्हायरस सीडी ४ टी कोशिकांवरच हल्ला करतो व नियामक कोशिकाही त्याच वर्गातील असल्याने त्याला बळी पडतात व त्याचे आश्रयस्थान बनतात. एकीकडे त्या एचआयव्हीविरोधी प्रतिसाद दुबळा करतात. दुसरीकडे, या रोगात टी कोशिकांचा ऱ्हास होतो तो मुख्यतः प्रतिरक्षा तंत्राच्या सततच्या अतिचेतनेमुळे आणि ती चेतना नियामक कोशिका कमी करतात. आफ्रिकेतील हिरवी माकडे व सूटी मँगाबे या माकडांत एचआयव्हीसारख्याच एसआयव्ही या व्हायरसाचे प्रमाण पुष्कळ असूनही त्यांना सहसा एड्ससारखा रोग होत नाही. त्यांच्यातील प्रतिसाद प्रारंभीच शमतो हे त्याचे एक प्रमुख कारण असून, हिरव्या माकडांत संक्रामणानंतर थोड्याच दिवसांत फॉक्सपी ३ व रूपांतरकारी वृद्धिघटक-बीटा यांची वाढ झालेली आढळते. येथे व्हायरस जिवंत राहतो व आश्रयदाताही.

काही व्हायरसांचा नियामक कोशिकांशी संबंध याहूनही निकटचा असतो. एचटीएलव्ही-१ हा मानवी रेट्रोव्हायरस प्रौढांतील टी कोशिका ल्यूकेमिया (रक्ताचा एक कर्करोग) निर्माण करतो. जपानमध्ये हा रोग १९७७ मध्ये वर्णिला गेला. त्यातील कर्ककोशिकांवर पुष्कळदा सीडी २५ व सीसीआर ४ ही प्रथिने असतात आणि अनेक रुग्णांत त्यांच्यात फॉक्सपी ३ हे नियामक कोशिकांचे लक्षणही आढळते. अशा रुग्णांची प्रतिकारशक्ती अत्यंत क्षीण झालेली असते. सीसीआर ४ ला लक्ष्य करणारे मोगाम्युलिझुमॅब हे प्रतिपिंड-औषध या रोगावर २०१२ मध्ये जपानमध्ये मान्य करण्यात आले.

वैद्यकीय महत्त्व : नियामक कोशिका वाढवून किंवा घटवून रोगाचा मार्ग बदलता येईल, या आशेने प्रयोग चालू आहेत. यकृतशोथ-सी व्हायरसामुळे रक्तवाहिन्यांना शोथ आलेल्या १० रुग्णांना फ्रान्समध्ये अल्प मात्रेत इंटरल्यूकीन-२ देण्यात आले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नियामक कोशिका वाढल्या, ८ रुग्णांत सुधारणा झाली आणि व्हायरसाचे प्रमाण वाढले नाही. उलटपक्षी, कर्करोगाच्या उपचारात सीटीएलए-४ ला अडविणारे औषध २०११ पासून वापरात आले. त्याने अर्बुदाविरुद्धचा प्रतिसाद बळावतो, परंतु आतडे, त्वचा व अंतःस्रावी ग्रंथी यांना शोथ येण्याचा धोकाही संभवतो. नियंत्रण सैल करण्याचे मोल शरीराला द्यावे लागते, हे यावरून दिसून येते. व्हायरसजन्य रोगांत केवळ नियामक कोशिकांना लक्ष्य करणारा उपचार अद्याप रूढ झालेला नाही. त्या सर्व ऊतकांत कार्य करीत असल्यामुळे एका अवयवातील नियंत्रण सैल करून दुसऱ्यातील अबाधित ठेवणे ही यातील मुख्य अडचण होय.

अशा उपचारात वेळेला किती महत्त्व आहे, याचा प्रत्यय कोव्हिड-१९ च्या साथीत आला. ब्रिटनमध्ये २०२० साली झालेल्या मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोन या प्रतिसाद दडपणाऱ्या स्टेरॉइड औषधाने कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू सु. एक-तृतीयांशाने व ऑक्सिजन द्यावा लागणाऱ्या इतर रुग्णांचे सु. एक-पंचमांशाने घटले, ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती, त्यांना मात्र त्याचा लाभ झाला नाही. हे औषध नियामक कोशिकांपुरते मर्यादित नाही. पण त्यातून दिसणारे तत्त्व तेच आहे. व्हायरस वाढत असताना प्रतिकार दडपणे घातक ठरू शकते आणि प्रतिकारच अनावर झाल्यावर तो शमविल्याने प्राण वाचतात. निरोगी शरीरात ही वेळ साधण्याचे काम नियामक कोशिका करतात. त्या केव्हा व कोणत्या संकेतावरून पुढे येतात आणि माघार घेतात, हे पूर्णपणे उलगडल्यावर व्हायरसजन्य रोगांच्या उपचारात त्यांचा उपयोग अधिक निश्चितपणे करता येईल.